अर्ध्या पाळकाचे चारशे तास

आमच्या घरात आजवर कोणी वाया गेलं नव्हतं आणि कोणी पाळकही झालं नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाने दोन्हींच्या मधला रस्ता शोधला. तो पदव्युत्तर शिक्षणाला लागला.

वस्तीत त्याला 'अर्धे पाळक' म्हणतात. आठवड्याचे पहिले तीन दिवस कॉलेज, पुढचे तीन दिवस गोरगरिबांची सेवा आणि रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर डुलक्या, असा त्याचा बेत. पूर्ण पाळक व्हायला अजून दोन वर्षं, एक प्रबंध आणि सेवेचे चारशे तास शिल्लक होते. मी त्याची मावशी, आणि त्याच कॉलेजात, त्याच विभागाच्या कचेरीत कारकून. त्याचे लंगोटही मी वाळत घातलेत आणि त्याचे अहवालही मीच फायलीला लावते. दोन्ही कामांत नाक मुरडून चालत नाही.

पोरगं मुळात गुणी. शाळेतून येताना दुसऱ्यांची दप्तरं उचलून आणायचा आणि स्वतःचं वर्गात विसरायचा. तेव्हा आम्ही कौतुकाने हसायचो. ताई मात्र मुकाट्याने परत शाळेत जाऊन त्याचं दप्तर घेऊन यायची. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

तर अभ्यासक्रमाचं नाव होतं 'नागरी वस्ती आणि ख्रिस्ती सेवा'. त्याची हिरव्या कव्हरची नियमपुस्तिका आहे, चाळीस पानी. ती मीच टाइप केली, त्यामुळे मला तोंडपाठ आहे. नियम तिसरा असा, की विद्यार्थ्याने आपलं घर सोडून गरीब वस्तीत राहायला जावं. आता आमची ताई राहते तीच गरीब वस्ती. दोन खोल्या, सार्वजनिक नळ, छपरावर पत्रा. अर्ध्या पाळकांनी अर्जात तसं लिहिलंही: 'मी जन्मापासून याच वस्तीत राहतो.' समितीने अर्ज परत पाठवला. जन्मापासून राहणं म्हणजे नुसतं राहणं. सेवेसाठी राहायचं तर कुठून तरी यावं लागतं. मग त्याने आईचं घर सोडलं आणि तीन गल्ल्या पलीकडे एक खोली घेतली. गादी मी आणि ताईने मिळून डोक्यावरून नेली. साहेब पुढे चालत होते, हातात पुस्तकांची पिशवी, चेहऱ्यावर त्याग.

नियम सातवा त्याहून गोड. 'रक्ताच्या नात्यातील व्यक्तीची केलेली सेवा तासांत धरली जाणार नाही.' ताई लाँड्रीत इस्त्री करते. बावीस वर्षं उभी आहे. तिचे घोटे संध्याकाळी उशीसारखे फुगतात. पण ती पडली रक्ताची, त्यामुळे तिच्या घोट्यांचे तास होत नाहीत. उलट दर शनिवारी संध्याकाळी तीच लेकाचे शर्ट इस्त्री करून, पिशवीत घालून, त्या नव्या खोलीचे तीन जिने चढायची. मी एकदा म्हटलं, "अगं, त्याला येऊ दे की घ्यायला." तर म्हणाली, "शनिवारी त्याची सेवा असते."

खोलीच्या समोरच्या दारात राहायच्या काजवाल्या आजी. एका शर्टाच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं काज-बटणं केली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा तर गेल्यातच जमा, उजव्यात दुधाळ उजेड तेवढा उरलेला. पुढेमागे कोणी नाही. डोळ्यांच्या सरकारी दवाखान्यात त्यांचं नाव लागलं होतं, दोनदा तारीखही मिळाली होती, आणि दोन्ही वेळा त्या दारातून परत आल्या होत्या. कारण तिथे पाटी आहे: सोबत प्रौढ व्यक्ती असल्याशिवाय भरती नाही. तिसऱ्यांदा परत गेलं की यादीतून नाव खाली, पुन्हा पहिल्यापासून चकरा. तोवर उजवा डोळाही हातचा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

आजी आमच्या अर्ध्या पाळकांना अगदी सोयीच्या होत्या. रक्ताच्या नव्हत्या, समोरच राहत होत्या, आणि घरी हमखास सापडत होत्या. तासांच्या तक्त्यावर सहीऐवजी अंगठा देत होत्या. चारशेपैकी दीडशे तास या एकट्या बाईने दिले असतील.

सेवा म्हणजे काय करायचं, याचीही पद्धत ठरलेली. त्याला 'शब्दशः अहवाल' म्हणतात. माणसाला भेटायला जायचं, बोलायचं, आणि परत आल्याबरोबर सगळं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. समोर बसून लिहायला बंदी, ध्वनिमुद्रण करायलाही बंदी. सगळं डोक्यात धरून आणायचं. सेवकाच्या प्रत्येक वाक्याला आकडा, समोरच्याच्या वाक्यालाही आकडा. खाली दोन भाग: भावनांचं विश्लेषण आणि ईश्वरशास्त्रीय चिंतन. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितात, तो असा की समोरच्याचा प्रश्न सोडवायला जाऊ नका. तुम्ही प्लंबर नाही. तुम्ही फक्त उपस्थित राहा.

आता हे सगळं डोक्यात धरून आणायचं म्हणजे तारेवरची कसरत. आमचे साहेब आजींच्या दारातून बाहेर पडायचे ते ओठ पुटपुटत, कोणाकडे न बघता, तिरासारखे आपल्या खोलीत. जिन्यात कोणी 'काय, बरं आहे ना?' विचारलं तर हात वर करून थांबवायचे. बोललं तर वाक्यं सांडतील ना! शेजारच्या बायका समजायच्या, पोरगा प्रार्थना करत चाललाय. खालच्या मजल्यावरची एक तर आपल्या सुनेला सांगायची, "बघ, चालतानासुद्धा देवाचं नाव घेतो."

अहवाल उत्तम यायचे, हे मी कबूल करते. मार्गदर्शक सर मान डोलवायचे. या सरांचं वर्णन करायचं तर फार हळू बोलतात, एवढंच पुरे. इतकं हळू की समोरच्याला वाटतं, आपलंच काही चुकलं. त्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही आणि कधी खिडकीही स्वतः उघडली नाही. मला सांगतात.

वर्षाच्या शेवटी विभागाचा परिसंवाद असतो. यंदाचा विषय होता 'नगरात सोबत: सेवेची नवी भाषा'. परिसंवाद ठेवला गुरुवारी. मी म्हटलं, "सर, गुरुवार तर मुलांचा सेवेचा दिवस." सर हळूच म्हणाले, "परिसंवाद सेवेवरच आहे ना? मग त्याचे सहा तास सेवेत धरा." मी धरले. बाहेरगावाहून दोन पाहुणे यायचे होते. सर्वोत्तम अहवाल म्हणून आमच्याच दिवट्याचा निवडला गेला. काजवाल्या आजींबरोबरचा, अगदी ताजा, शनिवारी सकाळचा. सोमवारी तो माझ्या टेबलावर आला. मी पानं मोजली, शिक्का मारला, फायलीला लावला. वाचला नाही. सव्वीस वर्षांत शेकडो अहवाल फायलीला लावलेत, एकही वाचलेला नाही. वाचायचे पैसे, म्हणजे तेवढा वेळ, मला कोणी देत नाही, असं मी तेव्हा म्हणत असे.

बुधवारी दुपारी ताईचा फोन आला. "उद्या मी सुट्टी काढलीय गं," एवढं म्हणाली. बावीस वर्षांत तिने तीन सुट्ट्या काढल्या असतील, त्यातली एक आमचे भावजी गेले तेव्हाची. मला गहिवरून आलं. लेकाचं कौतुक ऐकायला येतेय, म्हटलं. कधी नव्हे ते मी मागच्या रांगेतली एक खुर्ची तिच्यासाठी अडवून ठेवली. खुर्चीवर कागदही चिकटवला: 'राखीव'. फोनवर तिला नीट विचारायला हवं होतं. पण माझ्यापुढे पाहुण्यांच्या नावांच्या पट्ट्या कापायच्या पडल्या होत्या.

गुरुवार उजाडला. सभागृहात फुलं, पाण्याच्या बाटल्या, गादीच्या खुर्च्या. मी कोपऱ्यात इतिवृत्ताची वही घेऊन बसले. दहा वाजता प्रार्थना झाली, पाहुण्यांची ओळख झाली, ओळख करून देणाऱ्याची ओळख झाली. अकरा वाजून पाच मिनिटांनी आमचे अर्धे पाळक उठले. ताईनेच इस्त्री केलेला पांढरा शर्ट, कॉलर अशी ताठ की मान वळवायची सोय नाही. ताईची खुर्ची मात्र रिकामी. मला रागच आला. पोराच्या आयुष्यातला एवढा दिवस, आणि ही बाई बसची वाट बघत उभी असणार, असं वाटलं.

तो वाचायला लागला. आवाज छान आहे त्याचा, खोटं कशाला बोलू.

"सेवक एक: आजी, आज कसं वाटतंय?

आजी एक: बरं आहे. गुरुवारी डोळ्याची तारीख आलीय.

सेवक दोन: तारीख म्हटल्यावर तुमच्या मनात काय येतं?

आजी दोन: मनात काय यायचंय? गुरुवारी सोबत माणूस लागतं. नाहीतर परत पाठवतात. दोनदा पाठवलं."

पाहुण्यांपैकी एकाने लिहून घेतलं. सरांनी डोळे मिटले. मी वहीत लिहिलं: 'अहवाल-वाचन सुरू'.

"सेवक तीन: तुम्हाला एकटं वाटतं का?

आजी तीन: वाटायचं काय त्यात, एकटीच आहे. गुरुवारी तू येशील का?

सेवक चार: शांतता. ही शांतता मी मोडली नाही."

इथे माझं पेन थांबलं. मी समोरच्या भिंतीवर बघितलं. तिथे कॉलेजचंच कॅलेंडर आहे, रोज सकाळी तारखेवरचा लाल चौकोन मीच सरकवते. मग माझ्या वहीच्या पानावर बघितलं. तिथे सकाळीच मी माझ्या हाताने वार लिहिला होता.

"आजी चार: गुरुवारी दहाला पोचावं लागतं.

सेवक पाच: या वाट बघण्यात देव तुम्हाला कुठे दिसतो, आजी?

आजी पाच: मला तूच नीट दिसत नाहीस. बस पावणेनऊला असते."

श्रोते हसले, हळुवारपणे, जसं गरिबांच्या बोलण्याला हसतात. तो पुढच्या पानावर गेला, विश्लेषणावर. "आजी तीनमधला 'तू येशील का' हा प्रश्न वरवर पाहता सेवकाला विचारलेला असला, तरी खोलवर तो देवाला विचारलेला आहे. म्हणूनच सेवकाने त्याचं उत्तर देण्याचा मोह..."

"आज गुरुवार आहे," मी म्हणाले.

मी एवढ्या मोठ्याने म्हणाले असेन असं मला वाटलं नव्हतं. सगळ्या माना वळल्या. इतिवृत्त लिहिणारी बाई बोलते, हे त्या सभागृहात प्रथमच घडत होतं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मागचं पान उलटून त्याने परत वाचलं, या वेळी मनातल्या मनात. मी त्याच्या बोटाकडे बघत होते. ते ओळींवरून सरकत होतं आणि प्रत्येक वेळी 'गुरुवारी' या शब्दावर थांबत होतं. स्वतःच्या हाताने लिहिलेलं. एकही शब्द सुटला नव्हता, काना-मात्रासुद्धा नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ती मलाच विचारत होती," तो म्हणाला.

सरांनी डोळे उघडले. "सुंदर," ते हळूच म्हणाले. "मित्रहो, सेवकाच्या मनात आत्ता जे घडतंय ते फार मोलाचं आहे. घाई नको. या अस्वस्थतेत आपण सगळेच थोडं थांबू या."

थांबायला त्यांचं काय जात होतं, खुर्च्या गादीच्या होत्या! पोरगं मात्र थांबलं नाही. कागद हातात तसेच धरून तो मधल्या वाटेने पळत सुटला. एका पाहुण्याची पाण्याची बाटली आडवी झाली. मी वही खुर्चीवर टाकली आणि त्याच्यामागे गेले. जाताना सरांचं वाक्य कानावर पडलं, "याचा पुढचा अहवाल फार प्रभावी होईल." सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदाच कोणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. पेन्शनला चार वर्षं राहिलीत.

टॅक्सीत त्याचे ओठ हलत होते. या वेळी मला वाटतं खरोखर प्रार्थना असावी. धीर देण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतेच. आजी एकट्या पावणेनऊच्या बसला गेल्या असतील का, की जिन्यात बसून राहिल्या असतील. परत पाठवलं असेल, नाव कापलं असेल, आणि तो दुधाळ उजेड आता किती दिवस पुरेल, हेच माझ्या डोक्यात चाललं होतं. आणि तो अहवाल तीन दिवस माझ्या टेबलावर पडून होता. माझा शिक्का होता त्याच्यावर. भाच्यावर डाफरायला तोंड उघडावं तर हे आठवायचं आणि तोंड मिटायचं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. नोंदणीच्या खिडकीवर झडप पडली होती. तो झडपेवर थापा मारायला लागला. आतून एक परिचारिका वैतागून बाहेर आली. "काय हो, आग लागलीय का कुठे?"

"माझ्या शेजारच्या काजवाल्या आजी आहेत. एकट्याच आल्या असतील. सोबत कोणी नाही म्हणून तुम्ही परत पाठवलं असेल. मी आलोय आता. मी प्रौढ आहे."

शेवटचं वाक्य ऐकून तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हातातली यादी बघितली. "काज-बटणवाल्या ना? त्या आत गेल्या केव्हाच. सोबतीचं माणूस आहे की त्यांचं. पुढे जा, डावीकडे बाक आहे."

पुढे गेलो. डावीकडे वळलो. लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास, भिंतीला लावलेला लाकडी बाक. बाकावर माझी ताई बसली होती. सुजलेले पाय चपलांतून काढून जमिनीवर गारव्याला टेकवलेले. मांडीवर आजींची पिशवी, पिशवीवर आजींचा चष्मा, आणि पायाशी आजींच्या वहाणा शेजारी शेजारी नीट लावलेल्या. हातात दवाखान्याच्या कागदाची प्रत होती. रुग्णाशी नातं, या रकान्यात तिने आपल्या जाड अक्षरात लिहिलं होतं: शेजारीण. तीन गल्ल्या पलीकडची.

तिने आमच्याकडे बघितलं, आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. "तुम्ही दोघं इकडे कुठे? तुमचा कार्यक्रम होता ना?"

"आई, तू... तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. शनिवारी तुझे शर्ट घेऊन आले तेव्हा दारात होत्या. माझ्या पोलक्याचं बटण लोंबतंय म्हणाल्या. दिसत नाही, पण हात लागला तसं कळलं. तिथेच उभ्या उभ्या लावून दिलं. मग म्हणाल्या, गुरुवारी दवाखान्यात जायचंय, सोबत कोणी नाही."

"मग?"

"मग काय? मी विचारलं, किती वाजता निघायचं."

पोरगं भिंतीला टेकलं. हातातले कागद घामाने ओले झाले होते. शर्टाची कडक इस्त्री तेवढी अजून जागच्या जागी होती.

"मला तिने चार वेळा सांगितलं होतं गं," तो म्हणाला. रडत होता. अठ्ठावीस वर्षांचा घोडा, चारचौघांत, बाकांवरच्या सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या देखत. मला त्याची दया आली, रागही आला, दोन्ही एकदम. "चार वेळा. माझ्याकडे लिहून आहे."

ताईने त्याच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. ते मागितले नाहीत. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, लाँड्रीतून घरी आल्यावर असतो तसा, दमलेला आणि साधा.

"मला एकदाच सांगितलं," ती म्हणाली, आणि आजींची पिशवी मांडीवर सरकवून तिने त्याला बाकावर जागा केली.